रतनवाडीच्या धुक्यात डांगी गुरांमागे

भाद्रपदातली सकाळ. रतनवाडीत अमृतेश्वराच्या पुष्करणीपाशी उभा होतो, आणि दहा पावलांवरचंही काही दिसत नव्हतं. रतनगड तर पार गडप. गुरं निघाल्याचं कळलं ते आवाजावरून. आधी लाकडी घंटांची खडखड, मग चिखलातली खुरांची चबचब, आणि मग एकेक तोंड धुक्यातून बाहेर येऊ लागलं.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते बाबा लहानपणापासून गुरं राखतात. घरची सहा, बाकीची गावातली, राखोळीची. अंगावर घोंगडी, कमरेच्या आकडीला कोयता, हातात काठी. "दिवसभर बसाया मिळायचं न्हाई बरं," त्यांनी निघतानाच बजावलं.

ही गुरं डांगी. डांग, इगतपुरी, अकोले या धुवाधार पावसाच्या पट्ट्यातली जात; पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे डाग. चढ संपल्यावर बाबांनी माझा हात धरून एका गाईच्या पाठीवर ठेवला. वरून पाऊस कोसळत होता, पण पाणी केसांत मुरत नव्हतं, थेंब होऊन खाली घरंगळत होतं. हात उचलला तर बोटं तेलकट. डांगीच्या कातडीतून तेल पाझरतं हे वाचून माहीत होतं. बोटांना कळलं तेव्हा अंगावर काटा आला. खूर काळे, गारगोटीसारखे टणक. दूध बेताचंच, पण भातखाचरात चिखलणीला गुडघाभर गाळात उभे राहणारे बैल याच गाईंच्या पोटचे. लिटरवर गाय मोजणाऱ्यांनी एकदा आषाढात इथे यावं.

दुपारी गुरं गोठणीवर रवंथ करत बसली, आम्ही नागलीची भाकरी सोडली. शेजारीच वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. आश्विन वद्य द्वादशीला इतरत्र वसुबारस असते. इथल्या महादेव कोळी आणि ठाकरांची त्याच दिवशी वाघबारस. गुराखी मिळून वाघोबापाशी खीर शिजवतात. पोरांपैकी कुणी वाघ होतो, कुणी अस्वल, कुणी कोल्हा, आणि बाकीचे त्यांना शिवारातून हुसकून लावतात. गेल्या साली बिबट्याने बाबांची कालवड नेली होती. तरी खीर केलीच का, असं मी विचारलं. "त्यो बी हितलाच की," एवढंच म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी दगडापुढे ठेवला.

गुरं कशी मोजता, हे मी सकाळीच विचारलं होतं. तेव्हा नुसते हसले होते. उत्तर मिळालं उतरताना. पुन्हा धुकं दाटलं, पुढची गाय दिसेना, आणि बाबा एकाएकी थबकले. "मोरी न्हाई."

बघितलं तर कुठेच नव्हतं. ऐकलं होतं. कुठली घंटा कुणाच्या गळ्यात, हे त्यांच्या कानात बसलेलं. पंचवीस-तीस आवाजांतला एक कमी झाला होता. मला मात्र सगळा एकच कल्लोळ.

हाका घालत मागे गेलो. मला बिबट्याखेरीज काही सुचत नव्हतं. पन्नासेक पावलांवर कारवीच्या कडेला मोरी शांत चरत उभी होती. गळ्यात घंटा होती, पण मुकी. आतला लाकडी लोलक कुठेतरी गळून पडला होता.

मला वाटलं, आता भरभर घर गाठू. बाबा तिथेच खाली टेकले, दिवसात पहिल्यांदा. एक वाळकी फांदी शोधून कोयत्याने तासली, दोरीने आत बांधली, घंटा हलवून कान लावला. मान हलवली. काढली, आणखी तासली, पुन्हा बांधली. पाऊस चालूच होता, अंधार पडू लागला होता. मोरी मान पुढे करून थांबून राहिली. तिसऱ्यांदा घंटा हलवली आणि ते म्हणाले, "हां, ही मोरी."