तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का?

माझी प्रीमियर पद्मिनी अजून नियमित रस्त्यावर असते हे कळले, की जुन्या गाड्यांची आवड असलेले बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनामो काढून त्याच्या जागी, तेच काम करणारा आजचा अल्टरनेटर बसवावा का? गाडी शहरात चालवायची असेल तर जरूर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे काम एका सुट्या भागाची अदलाबदल समजून केले, तर त्यातून नवी दुखणी उद्भवतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

डायनामोमध्ये वीज आर्मेचर म्हणजे फिरत्या गुंडाळीत तयार होते आणि ती सगळी कम्युटेटर (आर्मेचरवरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे) व त्यावर घासणारे कार्बन यांमधून बाहेर काढावी लागते. आर्मेचर फार वेगाने फिरले तर त्याची गुंडाळी आणि कम्युटेटर टिकत नाहीत, म्हणून त्याला पुली मोठी देऊन बेतानेच फिरवावे लागते. परिणामी इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना मंद वेगात चालू असते, तेव्हा त्याचा दाब (व्होल्टेज) बॅटरीइतका चढत नाही आणि कटआउट हा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून वेगळे करतो. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट या नावाने ही गाडी तयार होऊ लागली, तेव्हाच्या रहदारीत ही उणीव फारशी जाणवत नसे. आज जुलैतल्या संध्याकाळी सायनच्या सिग्नलला अडकलेल्या गाडीचा हिशेब मांडून पाहा: हेडलाइटला नऊ अँपिअर, मागच्या व डॅशबोर्डच्या दिव्यांना दोन, वायपरला तीन-चार, इग्निशन कॉइलला तेवढेच, शिवाय ब्रेकवर पाय असेपर्यंत आणखी साडेतीन. हे वीस अँपिअरच्या आसपास जाते, आणि त्या काळच्या लहान गाड्यांचा डायनामो पूर्ण वेगातही साधारण तेवढेच देतो. सिग्नलवर तो काहीच देत नसल्यामुळे हा सारा भार बॅटरी एकटी सोसते.

अल्टरनेटरची रचना याच्या उलट आहे. त्यात चुंबकक्षेत्र फिरते आणि वीज स्थिर गुंडाळीत तयार होते, त्यामुळे कार्बनमधून केवळ रोटरपुरता, म्हणजे फिरत्या भागापुरता, तीन-चार अँपिअरचा प्रवाह जातो आणि यंत्र इंजिनाच्या दुप्पट वेगाने निर्धास्त फिरवता येते. तयार झालेल्या प्रत्यावर्ती विजेला एका दिशेने वळवणारे सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, तेव्हाच हे शक्य झाले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला तो याच बळावर. हेच डायोड बॅटरीची वीज उलट येऊ देत नाहीत, म्हणून वेगळ्या कटआउटची गरज उरत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. मारुती ८०० ला असतो तसा लहान अल्टरनेटर पुरतो. डिझेल गाडीचा, मागे व्हॅक्यूम पंप असलेला घेऊ नये. लहान अल्टरनेटरची बांधणी डायनामोपेक्षा आखूड असल्यामुळे ब्रॅकेटमधील अंतर भरणारी बुश लेथवर करून घ्यावी लागते, आणि पुली इंजिनाच्या पुलीशी अचूक एका रेषेत आली नाही तर फॅन बेल्ट कडेने झिजतो.

खरी कसोटी वायरिंगची आहे. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार फ्यूजसह ओढावी आणि डायनामोचा दाब आवरणारा जुना रेग्युलेटर मंडलातून पूर्णपणे बाहेर काढावा. इंजिन व बॉडी यांच्यातील अर्थची पट्टी गंजलेली असेल, तर नवा अल्टरनेटरही तिच्यापुढे हतबल ठरतो. डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही. अनेक अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला किंवा त्या जागी एलईडी लावला, तर चांगला अल्टरनेटरही लवकर जागा होत नाही आणि निष्कारण बदलला जातो. ज्या गाडीत अ‍ॅमीटर (प्रवाह मोजणारा मीटर) आहे, तिथे तीस अँपिअरच्या मीटरमधून पंचेचाळीस अँपिअर जाऊ देणे हा डॅशबोर्डमागे आगीला दिलेला वाव आहे. तो मीटर वगळून व्होल्टमीटर लावावा. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थला, म्हणजे बॉडीला, जोडलेले असते. ती जोडणी आधी बदलली नाही, तर बॅटरी जोडताक्षणी डायोड जळतात.

आणखी एक सवय सोडावी लागते. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि चार्जिंग होते का ते पाहायचे, ही पद्धत डायनामोच्या काळात रुळली. अल्टरनेटरवर तसे केल्यास दाब एकदम उसळून डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही निकामी होऊ शकतात.

काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार त्यात बसत नाहीत. म्हणून मी एकही मूळ तार कापली नाही. टोके गुंडाळून, खुणेच्या पट्ट्या लावून जागेवरच ठेवली आहेत.

काम झाल्यावर मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावून पाहा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. इंजिन आयडलवर, दिवे आणि वायपर चालू असतानाही आकडा १३.५ च्या वर राहायला हवा, आणि वेग वाढवल्यावर १४.४ च्या जवळ थांबायला हवा. १४.८ ओलांडत असेल तर रेग्युलेटर सदोष आहे. १३ वरच अडखळत असेल, तर अल्टरनेटरला दोष देण्यापूर्वी बेल्टचा ताण पाहा आणि अर्थची पट्टी सोडवून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळा.