रंजक कोरडी राहिली तर

नाताळ उलटला की पेनसिल्व्हेनियात हरणांचा जो शेवटचा हंगाम सुरू होतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. कोकणात शेतीराखणीच्या परवान्यावर असते ती ठासणीची बंदूक स्फोटक टोपीवर उडते. इथे टोपीही नाही. घोड्याच्या जबड्यात आवळलेली गारगोटी पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या नळीच्या बाजूच्या छोट्या पेल्यातल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर पडतात आणि तिची आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूला लागते. त्या सकाळी जुना बर्फ वितळत होता, हेमलॉकच्या फांद्या गळत होत्या. हरणापेक्षा ओलाव्याची काळजी जास्त.

भरण्याआधी नळीतलं तेल काढलं: अल्कोहोलमध्ये भिजवलेली एक चिंधी, मग दोन कोरड्या, आणि कानात बारीक तार. तेल राहिलं तर तळची दारू ते पिते आणि पहिलाच बार फुसका जातो. दोन एफ दाण्याची (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक) काळी दारू 70 ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम, मापाने मोजून ओतली. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आत ठिणगी धुमसत असली तर अख्खं शिंग हातात फुटतं. वर चरबी चोळलेला सुती तुकडा, 0.015 इंच जाडीचा, आणि 0.490 इंचाची नरम शिशाची गोळी. नळी 0.50 इंचाची, उरलेली फट कापड भरून काढतं आणि नळीतल्या आट्यांची पकडही गोळीला तेच देतं. गोळी बसली की ठासायच्या गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. खूण वर राहिली तर गोळी आणि दारूमध्ये पोकळी आहे, आणि तसा बार काढला तर नळी फुगते.

मी दबा धरून जागेवर बसल्यावरच रंजक घातली. चार एफची बारीक दारू, तीनेक ग्रेन, एवढ्याने पेला अर्धाही भरत नाही. नवखे काठोकाठ भरतात. मग कान बुजतो आणि ज्वाळेने झेप घेण्याऐवजी दारू वातीसारखी जळत आत जाते. ‘फुस्स’ आणि ‘धडाम’ यांत कानाला कळेल इतकं अंतर पडतं, आणि नेम तेवढ्यात हलतो. घोडा आणि पेला असलेल्या यंत्रावर मेण मुरवलेलं चामडं बांधलं होतं. तरी थोड्या थोड्या वेळाने रंजक झटकून, पेला पुसून, ताजी घालावी लागली. काळी दारू ओलावा ओढते. पेल्यात राखाडी चिखल दिसला की ती गेली. पातं आणि गारगोटीची धार कोरड्या फडक्यानेच पुसायची. बोटाने पुसली तर बोटाचं तेल लागतं.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, पण धुक्यात माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, नीट दिसेपर्यंत थांबलो. वारा चढावरून तोंडावर येत होता. ओकखालचा बर्फ उकरत माद्या खाली उतरल्या. ज्यांचा शिंगाळ्या नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची परवान्याची चिठ्ठी, उरलेला असतो, त्यांना या हंगामात तो मादीसाठीही वापरता येतो. मोठी सोय आहे ती. घोडा चढवताना खट्ट वाजतो, म्हणून चाप दाबून धरून घोडा मागे ओढला आणि मग चाप सोडला. चाळीसेक यार्डांवर थोरली मादी आडवी उभी राहिली. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते, त्यामुळे याहून लांबचा मोह नको. नेम पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. चाप ओढल्यावरही माशी तिथेच धरून ठेवली. चकमकीच्या बंदुकीत निम्मी शिकार या क्षणभराच्या धीरावर असते.

दमट हवेत धूर हलेना. खाली वाकून त्याच्या बुडातून पाहिलं, तर कळप उजवीकडे पळाला होता. आधी बंदूक पुन्हा भरली, मग अर्धा तास जागा सोडली नाही. गोल गोळी बरेचदा पलीकडच्या कातड्याखाली अडकते, त्यामुळे रक्त कमीच सांडतं. बर्फावर मात्र गुलाबी, फेसाळ थेंब दिसले, म्हणजे फुप्फुस. मादी साठेक पावलांवर पडली होती.

पेल्यातली रंजक आधी काढून टाकली. टॅग भरून मादीच्या कानाला बांधला. त्याआधी जनावर हलवायचं नाही, असा नियम आहे. पोट लगेच उघडून आतडी काढली, कारण थंडीतही आतली ऊब मांस बिघडवते. उरला नळीतला बार. तो मातीच्या बांधात झाडून रिकामा केला. घरी नळी गरम पाणी आणि साबणाने धुतली, कोरडी केली आणि तेल फिरवलं. हे त्याच दिवशी करावं लागतं. अशा हवेत दारूची काजळी रातोरात गंज धरते.