वाट मळू द्यायची नाही

अलास्कातल्या कोल्डफूटला उतरलो तेव्हा पिकअपचा मूळ रंग कुठेच दिसत नव्हता. सकाळी फेअरबँक्सहून निघाल्यापासून चारशेहून जास्त किलोमीटर झाले होते, त्यातले बरेचसे खडी आणि चिखलातून. समोरून ट्रक आला की दादा गाडी अगदी कडेला घेऊन जवळजवळ थांबवायचा, नाहीतर उडालेले खडे थेट काचेवर येतात. दोन स्टेपन्या, वरचं पेट्रोल, दोन दिवसांचं पाणी आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा, एवढं सामान मागे बांधलेलं. डाल्टन हायवे हा मुळात ट्रकांचाच रस्ता. अलास्कातली तेलवाहिनी बांधता यावी म्हणून १९७४ मध्ये तो पाच महिन्यांत उभा केला. सामान्य प्रवाशांना थेट उत्तर टोकापर्यंत जायची मुभा मिळाली ती १९९४ मध्ये.

तेलवाहिनीनं दिवसभर सोबत केली. अठ्ठेचाळीस इंच व्यासाची चकचकीत नळी, कधी जमिनीत गडप, कधी खांबांवर नागमोडी पसरलेली. मी दादाला विचारलं, सरळ पुरून का टाकली नाही? तो अलास्कात सात वर्षं राहतोय, त्याला हे पाठ आहे. इथली जमीन खाली कायम गोठलेली असते. गरम तेलाची नळी तिच्यात पुरली तर बर्फ वितळेल आणि जमीन खचेल. म्हणून खांब. त्या खांबांच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचे जुडगे आहेत. खांबातल्या नळ्यांमध्ये अमोनिया असतो, तो हिवाळ्यात खालची उष्णता वर आणून हवेत सोडतो. म्हणजे जमीन गोठलेलीच राहावी यासाठी एवढा खटाटोप! तेव्हा मला ही इंजिनिअरांची हुशारी वाटली. त्यामागची जमीन किती नाजूक आहे ते दुपारनंतर कळलं.

वाटेत युकॉन नदीचा लाकडी फळ्यांचा उतरता पूल लागला, मग आर्क्टिक वृत्ताची पाटी. तिथे सगळे काढतात तसा फोटो आम्हीही काढला. त्यानंतर प्रॉस्पेक्ट क्रीक. २३ जानेवारी १९७१ ला इथे उणे ६२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अमेरिकेतला तो आजवरचा नीचांक आहे. आम्ही जूनअखेरीस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात डास मारत होतो.

कोल्डफूट म्हणजे गाव नव्हे. पूर्वेला ट्रकवाल्यांचा थांबा, पंप, खानावळ. इथून पुढे रस्त्याच्या उत्तर टोकाच्या डेडहॉर्सपर्यंत जवळजवळ ३८५ किलोमीटर पेट्रोल नाही. साधारण १९०० च्या सुमारास सोनं शोधायला आलेले लोक इथवर पोचले, पुढचा हिवाळा डोळ्यांसमोर आला आणि त्यांचे पाय थंड पडले, ते परत फिरले. जागेचं नाव त्यावरून पडलं, असं सांगतात.

रस्त्याच्या पश्चिमेला आर्क्टिक इंटरएजन्सी व्हिजिटर सेंटर आहे. भूव्यवस्थापन, राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव अशी तीन केंद्रीय खाती मिळून ते उन्हाळ्यापुरतं चालवतात. पर्यटन केंद्र म्हटलं की आपल्या मनात नकाशा येतो, त्यावर लाल-निळ्या वाटा, ‘येथून दीड तास’ असं काहीतरी. मी काउंटरवर तेच मागितलं. गेट्स ऑफ द आर्क्टिक उद्यानातल्या ट्रेलचा नकाशा.

रेंजर बाईंनी मोठा नकाशा पसरला. डोंगर, नद्या, उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा. वाट एकही नाही. त्या म्हणाल्या, “ट्रेल नाहीतच. रस्ताही आत जात नाही.”

१९८० मध्ये जाहीर झालेलं हे उद्यान जवळजवळ ८४ लाख एकरांचं आहे, गोव्याच्या नऊपटींहून मोठं. आत दूर जाणारे बहुतेक लोक छोट्या विमानानं उतरतात. अमेरिकन वनतज्ज्ञ रॉबर्ट मार्शल १९२९ मध्ये या भागात पहिल्यांदा आले. कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्याच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन डोंगर पाहून ‘आर्क्टिकचे दरवाजे’ हे नाव त्यांनीच दिलं. मोकळ्या, निर्मनुष्य रानासाठी त्यांचा जीव तुटायचा. पण निर्मनुष्य म्हणताना जपून बोलायला हवं. इथले मूळ रहिवासी नूनामिऊत इन्यूपियाक लोक अनाक्तुवुक पास या गावात आजही राहतात, आणि कॅरिबू या रानहरणांच्या मागे या खिंडी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवल्या आहेत.

आमच्या शेजारी पाठीवर मोठ्या सॅक घेतलेले दोघे होते. आठ दिवस आत जाणार होते. त्यांची पूर्ण चौकशी झाली: नदीला पाणी चढलं तर काय करणार, ठरल्या दिवशी विमान आलं नाही तर किती दिवसांचं जेवण आहे. अस्वलांना उघडता येणार नाहीत असे डबे त्यांना उसने मिळाले. मग रेंजर बाईंनी सांगितलं ते मी तिथेच वहीत उतरवलं: “ओळीनं चालू नका. पसरून चाला.”

सह्याद्रीत लहानपणापासून उलटंच ऐकत आले. मळलेली वाट सोडू नकोस, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाक, दगडावर रंगवलेला बाण शोध. इथे मॉस (शेवाळ) आणि झुडपांची गादी गोठलेल्या जमिनीवर पांघरुणासारखी असते. पाचजण एकाच रेषेत चालले की ती फाटते, ऊन खाली पोचतं, बर्फ वितळतो आणि पावलांच्या जागी चर पडतो. तेलवाहिनीचे खांब ज्यासाठी, त्याचसाठी हेही.

संध्याकाळी वाइजमन या वस्तीच्या पुढे गाडी लावून आम्ही उतारावर गेलो. ऊन दुपारसारखं लख्ख. दादा डावीकडे, मी वीस पावलं उजवीकडे. गवताचे डोक्याएवढे झुपके, मधे पाणी; झुपक्यावर पाय द्यावा तर तो कलंडतो, मधे द्यावा तर घोट्यापर्यंत भिजतो. तासाभरात किलोमीटरभरही झालं नसेल. “अगं, हळू!” दादा ओरडला आणि स्वतःच बसला.

मी थांबून मागे पाहिलं. आम्ही कुठून आलो ते ओळखता येईना. गुडघ्यावर बसून बोटं मॉसमध्ये खुपसली. वरचा थर उन्हानं कोमट होता, त्याखाली ओला, मग गार. हात मनगटाच्या वर गेला तेव्हा बोटांना टणक बर्फ लागला.