दोन पेट्या

परवा माझं आधार कार्ड सापडलं. सासऱ्यांच्या पेटीत. पेटी म्हणजे ट्रंक नाही हो, हार्मोनियम. भात्याच्या घडीत अगदी व्यवस्थित उभं सरकवलेलं. महिनाभर आम्ही ते सगळ्या घरात शोधत होतो, नवऱ्यावर आरोप करून झाले, दुसरं मागवायचे पैसेही भरून झाले, आणि रविवारी सासरे गायला बसले तर भाता कुरकुरतोय, सूर लागेना, म्हणून उघडून बघितलं तर आत मी, तो फोटो, तोच चेहरा.

चोर घरातलाच, वय वर्षं एक आणि वर दोन महिने. आणि ही विद्या तिला शिकवली कुणी तर मीच.

झालं असं की ठमी पाच महिन्यांची असताना मी हौसेने ती मॉन्टेसरीची लाकडी खेळणी मागवली. सासूबाई बॉक्स उघडून बघतच राहिल्या. एक दांडी आणि त्यात घालायच्या कड्या, एकमेकींत अडकवलेल्या दोन चकत्या, एक भोकाचा खोका, एक फटीचा खोका, बस. "अगं यात वाजणारं काय आहे? रंग तरी? एवढ्या पैशात मंगळबाजारातून पोतंभर खेळणी आली असती." आता मंगळबाजाराचं नाव निघालं की बडोद्यात वाद घालायचा नसतो.

पण त्या चकत्यांची मी फॅन झाले. काटकोनात अडकवलेल्या असतात, त्यामुळे ढकललं की डुगडुगत थोडंसंच पुढे जातात, बॉलसारख्या दिवाणाखाली पळत नाहीत, म्हणजे नुकतं सरकायला लागलेलं बाळ तिथवर पोचू शकतं, आणि कड पातळ म्हणून या हातातून त्या हातात घेता येतात. ही हातबदली साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास जमते. त्याआधी, म्हणजे जन्मल्यापासून, तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते, त्यात बाळाची मर्जी नसते, चार-सहा महिन्यांत ते आपोआप जातंही. सासरे तेव्हा आल्यागेल्याला सांगायचे, बघा माझं बोट सोडतच नाही, आजोबांचा लळा! मी सगळं वाचून बसलेली, तरी गप्प. काही गोष्टी सुनेने बोलू नयेत.

मूठ, पंजा, चिमटी. आपल्याकडे शब्द आधीच रांगेत उभे आहेत आणि बाळंही त्याच रांगेने जातात. मूठ गेली की पंजा येतो, म्हणजे पाचही बोटांनी वस्तू आपल्याकडे ओढून घ्यायची. आणि मग नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी समोरासमोर येतात, चिमटी जमते, आणि घरातली शांतता संपते. आमच्याकडे रविवारी सेव-उसळ असते, खाली सांडलेली एकेक सेव ठमी सोनार कसा मोती उचलेल तशी उचलायची. मग मोहरी. मग मुंगी. मग माझ्या मंगळसूत्रातला मणी, तो तर माझ्या गळ्यात असतानाच.

तेव्हापासून टॉयलेट पेपरची रिकामी नळी मी जपून ठेवलीय, जे तिच्यातून आत जातं ते ठमीच्या हाताला लागायचं नाही. रिमोटचे बटणासारखे सेल तर कुलपातच, ते गिळले तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. खेळण्यांवर आयएसआय मार्क २०२१ पासून सक्तीचा आहे, तो बघून घेते, पण मोहरीवर कुठला मार्क असणार.

भोकाचा खोका म्हणजे आपलं बुवा कुकच. बॉल भोकात टाकला की दिसेनासा होतो आणि खालच्या ट्रेमध्ये घरंगळत येतो. सात-आठ महिन्यांपर्यंत बाळाच्या लेखी दिसेनासं झालं म्हणजे संपलंच, नंतर कळायला लागतं की नाही, आहे कुठेतरी. फटीचा खोका त्याच्या पुढचा, लाकडी चकती उभी धरायची, मनगट वळवायचं आणि नेमकी सोडायची. हे नेमकं सोडणं धरण्यापेक्षा अवघड, ते वर्षाच्या आसपास येतं. ठमीला आलं आणि घरातली प्रत्येक फट तिला तिच्याचसाठी केलेली वाटायला लागली. दाराखाली लाइटबिल, कपाटाच्या मागे कंगवा. आजोबांची पेटी तर अख्खी फटींचीच!

मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममध्ये, सॅन लोरेंझोच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं, १९३९ मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि युद्धामुळे अडकून पडल्या. पण गुजरातेत गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर १९२० पासूनच चालू होतं, आणि त्यांच्यासोबत कोण, तर आपल्या ताराबाई मोडक. म्हणजे मराठी बाई गुजरातेत, आमच्यासारखीच. पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाईंनी महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, दगड, बिया, पानं यांच्यावर बालवाडी चालवली, हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. उगाच मुद्दा मिळायचा.

कड्यांतली एक कडी मध्येच गायब झाली (कुठे ते आता कळतंय), म्हणून आम्ही डभोईवरून संखेड्याला गेलो. संखेड्याचे झोपाळे आणि पाळणे कुणाला माहीत नाहीत, लाखेची झिलई, लाल-सोनेरी नक्षी. खराद्याला, म्हणजे लाकूड फिरवून घडवणाऱ्या कारागिराला म्हटलं सागाची एक कडी करून द्या, पण रंग नको, लाख नको, साधीच. त्याने मशीन थांबवली. "रंग वगरनुं? बेन, संखेडानुं नाम बोळशो!" म्हणजे बिनरंगाची? ताई, संखेड्याचं नाव बुडवाल! मी समजावलं की या खेळण्यांत मुद्दामच काही नसतं, म्हणजे मुलाचं लक्ष आकाराकडे नि वजनाकडे जातं. त्याने करून दिली, पण तोंड असं की जणू मी बिनमिठाची भाजी मागितली. शिवाय भोक किंचित घट्ट ठेवलं. आता इतर कड्या ठमी चार दिवसांत फेकून देते पण ही दांडीवर दाबत बसते, जीभ बाहेर काढून, दहा-दहा मिनिटं.

आधार कार्ड काढलं तरी पेटी पूर्ण सुटलेली नाही. काळी दोन दाबली की आत काहीतरी खडखडतं. सासरे म्हणतात माणूस बोलवायच्या आधी घरातून काय-काय हरवलंय त्याची यादी करा. काल रात्रीपासून आम्ही तेच करतोय, अकरा गोष्टी झाल्यात.