उभ्या पार्टीचा मेनू : आमची वाटचाल

वाळूज एमआयडीसीतल्या कामगारांना पोळी-भाजीचे डबे देण्यापासून आमचं काम सुरू झालं. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीच होतो. पुढे दिवाळीचा फराळ आला, मग डोहाळजेवणं, बारशी. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा परवाना काढला, एक आचारी ठेवला, गल्लीतल्या मावश्या मदतीला आल्या. तो सगळा भाग लांबवत नाही, कारण आज आमच्याकडे सर्वात जास्त चौकशी होते ती वेगळ्याच कामाची. नाताळ ते नववर्ष या आठवड्यातल्या पार्ट्या, जिथे पंगत नसते, टेबल-खुर्ची नसते, माणसं उभ्याने गप्पा मारत खातात आणि पितात.

पहिली अशी ऑर्डर शेंद्र्याच्या एका कारखान्यातून आली. "ताई, जेवण नको. संध्याकाळभर चालेल असं खायला-प्यायला द्या," एवढंच सांगणं. छत्रपती संभाजीनगरात अशा वेळी जी यादी निघते ती ठरलेली : पनीर टिक्का, हराभरा कबाब, मंचुरियन, स्प्रिंग रोल. आम्हीही तीच लिहायला बसलो होतो. तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, "एका हातात ग्लास आहे, दुसऱ्यात प्लेट धरली, मग माणूस खाणार कुठल्या हाताने?" आमच्या या कामाचा पाया तो प्रश्न आहे. तेव्हापासून प्लेट सुटली. कागदी रुमालावर घेता येईल, दोन घासांत संपेल, बोटांवरून ओघळणार नाही, चमचा लागणार नाही आणि कढईतून निघाल्यावर दहा मिनिटांनीही चव देईल, एवढ्या कसोट्यांना जो पदार्थ उतरतो तोच आमच्या यादीत येतो.

या कसोटीत मला प्रिय असलेली सुशीलाही उतरली नाही. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची ती गरम, पिवळी फोडणी मराठवाड्यात सकाळी कोणाला नको असते? पण तिला द्रोण लागतो, चमचा लागतो, आणि गार झाली की तिच्यात काही राहत नाही. धपाटे मात्र उतरले. ज्वारीच्या पिठात बेसन, थोडी कणीक, दही, तीळ, लसूण घालून आम्ही ते पुरीएवढे थापतो, खरपूस भाजतो आणि वर घट्ट दह्यात कालवलेल्या ठेच्याचा ठिपका ठेवतो. मंचुरियनच्या शेजारी हे धपाटे ठेवले तर आधी कोणतं ताट रिकामं होतं, ते मी पाहिलेलं आहे, आणि म्हणून आता मी यादी लिहिताना धपाट्यांपासूनच सुरुवात करते.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. तिकडे साधारण डिसेंबरच्या शेवटाला किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, मार्गशीर्षाच्या अमावास्येला, वेळअमावास्या असते. आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळे शेतावर. कडब्याची कोप म्हणजे खोपी, पांडवांची पूजा, आणि जेवायला भज्जी (ताक-बेसनातली ओल्या दाण्यांची भाजी), उंडे, आंबिल, गव्हाची खीर. हिवाळ्याच्या सुट्टीतली पार्टी म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती, ती आमच्या घरात होतीच. संभाजीनगरात मात्र येळवस माहीत नसलेले लोक बरेच. म्हणून मी हट्टाने तिला मेनूत आणलं.

उंडे म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे. आम्ही ते सुपारीहून जरा मोठे वळतो, वाफवतो आणि मोहरी, तीळ, कढीपत्त्याच्या फोडणीत परततो. भज्जी वाढताना पातळ चालते, उभ्या पार्टीत नाही. ताकातल्या बेसनात तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे शिजवून ती घट्ट होईपर्यंत आटवायची, लहानशा वाटीत तळाला घालायची आणि वर काडी टोचलेला उंडा ठेवायचा. माणूस काडी उचलतो, उंडा बुडवतो, संपलं. हे जमवायला आम्हाला वेळ लागला, पण ते जमलं याचं मला मनापासून समाधान आहे.

हुरड्याची मागणी दरवर्षी होते, आणि इथे ग्राहकाला खरं सांगावं लागतं. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, तिचं कणीस दुधाळ दाण्यातून पुढे सरकून कोवळं मिळतं ते डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत. २५ तारखेच्या पार्टीला चांगला हुरडा मिळेल याची हमी मी देत नाही, ३१ ला बहुतेक मिळतो. शिवाय आगटीत भाजून हातावर चोळलेला गरम हुरडा हा शेतातच खायचा. हॉलमध्ये तो गार होऊन चिवट होतो. म्हणून आम्ही त्याचे वडे करतो, किंवा कांदा, लिंबू, शेंगदाण्याची चटणी घालून लहान कागदी कोनात भेळ देतो.

तारीख कळली की मी आधी पंचांग उघडते. डिसेंबरात बहुतेक वेळा मार्गशीर्ष असतो. गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचं व्रत, एखाद्या आठवड्यात दत्तजयंती, मध्येच एकादशी. त्या दिवशी चिकनचा काउंटर मोठा ठेवला तर तो पडून राहतो आणि उपवास असलेल्या बायका नुसतं पाणी पिऊन परततात. म्हणून अशा तारखेला साबुदाण्याचे लहान वडे आणि राजगिऱ्याची वडी यादीत असतेच. जैन पाहुणे असतील तर कच्च्या केळीची टिक्की, कांदा-लसूण-बटाटा नाही, आणि तिची कढई वेगळी. मांसाहार असेल तर हलाल हवं का हे बुकिंगलाच विचारायचं, पार्टीच्या दारात नाही.

आता हिशोब. आम्ही माणशी ताट मोजत नाही, नग मोजतो. नंतर जेवण असेल तर माणशी पाच-सहा नग पुरतात. जेवण नसेल तर दहा ते बारा. ६० माणसांची तीन तासांची पार्टी, जेवण नाही, तर १२ च्या हिशोबाने ७२० नग. सहा पदार्थ ठेवले तर प्रत्येकाचे १२०. लोक आठ-दहा पदार्थ मागतात, मी सहावर थांबवते. पदार्थ वाढले की प्रत्येकाचा घाणा लहान होतो, आचारी एकातून दुसऱ्यात धावतो आणि सगळंच अर्धं गरम पोचतं. सहांपैकी तळलेले दोनच, कारण जागेवर कढई एक. दोन भाजलेले किंवा वाफवलेले, एक गार, एक गोड. गोडात कुंथलगिरीच्या खव्याचे लहान गुलाबजाम, काडी टोचून, पाकातून निथळून.

गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली, या नियमावर मी तडजोड करत नाही. दह्याचा ठेचा बर्फावरच राहतो. तळणीच्या तेलात टीपीसी, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही, हा सरकारी नियम आहे, आणि आम्ही तिथवर पोचायच्या आतच तेल बदलतो. याने दर थोडा वाढतो. तो मी ग्राहकाला समजावून सांगते आणि घेते.

पेयांकडे लोक शेवटी बघतात, मी सुरुवातीलाच बघते. पहिल्या तासात माणूस दोन ग्लास घेतो, पुढे तासाला एक. म्हणजे त्याच ६० माणसांना तीन तासांत २४० ग्लास. १५० मिलीचा ग्लास धरला तर ३६ लिटर, पिण्याचं पाणी सोडून. डिसेंबरच्या रात्री इकडे थंडी चांगली असते, म्हणून निम्मं गरम ठेवतो : आलं-गुळाचा काढा, टोमॅटोचं सार, आणि आंबिल. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून लसूण-जिऱ्याची चव दिलेली आंबिल शेतात बिंदग्यातून, म्हणजे लहान घागरीतून, गार पितात. आम्ही ती कोमट करून मातीच्या कुल्हडात देतो. हे माझ्या आईला पटत नाही, तरी पाहुणे दुसरा कुल्हड मागतात.

जालना-पैठण पट्ट्यातली मोसंबी दारात असताना बाटलीतलं सरबत कशाला, असं मला वाटतं. पण मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, म्हणून तो काउंटरवर, पाहुण्यासमोर काढायचा. बीडकडच्या बालाघाटच्या सिताफळाचा गर हंगामात काढून आम्ही गोठवतो. तोही गरम केला की कडवट होतो, म्हणून आटवून पूर्ण गार केलेल्या दुधातच मिसळायचा आणि लहान ग्लासात द्यायचा. या दोन गोष्टी नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवल्या जातात.

दारूची बाजू आम्ही घेत नाही. यजमानाने उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा परवाना काढला असेल तर तेवढं आधी सांगावं, कारण मग खारं आणि तळलेलं वाढवावं लागतं, आणि साधं पाणी दुप्पट ठेवावं लागतं.

जाऊबाई आता सगळी खरेदी आणि हिशोब सांभाळतात, मी मेनू आणि काउंटर. या वर्षी ज्वारीच्या लहान पुरीत पिठलं भरून बघतो आहोत. पुरी कुरकुरीत येते, पिठलं मात्र अजून पाहिजे तितकं घट्ट बसत नाही, म्हणून ती यादीत आलेली नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची ऑर्डर आम्ही किमान दहा दिवस आधी घेतो आणि एका संध्याकाळी एकच पार्टी करतो. फोन करताना पाहुण्यांची संख्या, त्यात लहान मुलं किती, जागेवर गॅस आणि नळ आहे का, आणि नंतर जेवण आहे की नाही, एवढं हाताशी ठेवा. पदार्थ आपण त्यानंतर बोलू.