पिस्टन किट मागवण्याआधी: डर्ट बाइकचं टॉप एंड कमी खर्चात

टॉप एंडच्या (हेड, सिलिंडर ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा) कामात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इंजिन उघडण्याआधीच. निळा धूर दिसला की आधी पिस्टन किट येतो, मग हेड खुलतं, आणि मग कळतं की ब्लॉक ओव्हरसाइज बोअर करावा (आतून मोठा कापावा) लागणार. आणलेला स्टँडर्ड पिस्टन वाया. म्हणून आधी मोजमाप, मग खरेदी. खालचं सगळं सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक, ओव्हरहेड कॅम इंजिनाबद्दल आहे.

इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन मोजा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंग-बोअरमधून. चढलाच नाही तर वाल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. मात्र बऱ्याच इंजिनांत कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब थोडा सोडणारी यंत्रणा) असतो, त्यामुळे आकडा मुळातच कमी दिसतो. तिथे लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती शोधणं) जास्त खरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वांत वर, दोन्ही वाल्व्ह बंद) ठेवा, क्रँकच्या नटावरचा पाना काढून घ्या (हवेच्या दाबाने क्रँक फिरतो) आणि हवा भरून कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वाल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा.

उघडताना आधी टेन्शनर काढा, मग कॅम स्प्रॉकेट. टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा, नाहीतर ती खाली घसरते. ब्लॉक वर घेतला की क्रँककेसच्या तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा. आता कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून पाहा. बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) आडवी हालचाल असणारच, पण उभा खेळ जराही जाणवला तर इथेच थांबा. थकलेल्या बेअरिंगवर ताज्या कॉम्प्रेशनचा भार आला की ते लवकरच जातं आणि नवा पिस्टनही सोबत जातो.

झीज का झाली, हे एअर फिल्टरच्या मागे कळतं. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवा. बोटाला बारीक, खरखरीत, तेलकट धूळ लागली, तर पिस्टनच्या स्कर्टवरचे (खालच्या बाजूवरचे) राखाडी उभे ओरखडे तिचेच. फोम फाटलाय, तेल न लावता बसवलाय किंवा फिल्टरची कड नीट टेकत नाही, यांपैकी एक काहीतरी सापडेल. ते दुरुस्त न करता नव्या रिंगा टाकणं म्हणजे त्याच धुळीला नवा माल देणं.

बोअर गेज नसेल तरी एका रिंगवर आणि फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बरंच कळतं. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला. एकदा अगदी खाली, जिथे रिंगा पोहोचत नाहीत, तिथे गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) मोजा; एकदा वर, जिथे झीज सर्वाधिक असते, तिथे. फरकाला ३.१४ ने भागा. खाली ०.३५ आणि वर ०.६० मिमी आला, तर बोअर वर सुमारे ०.०८ मिमी मोठा झालाय. हे होनिंगने (बोअर दगडाने हलका घासून) भागणारं काम नाही. बोअर लंबगोल झालाय का, हे मात्र रिंग सांगत नाही. त्यासाठी बोअरिंगवाल्याकडून दोन दिशांनी मोजून घ्या. नव्या रिंगेचा गॅप ढोबळमानाने बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी असतो, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

लोखंडी लायनर असेल तर ०.२५, ०.५० अशा ओव्हरसाइजमध्ये पिस्टन आधी आणा आणि तो हातात देऊनच बोअर करून घ्या, कारण क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) त्या पिस्टनवरून ठरतो. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग असलेला ब्लॉक बोअर होत नाही. थर उडाला असेल तर पुन्हा प्लेटिंग किंवा दुसरा ब्लॉक. होनिंगनंतर ब्लॉक फक्त पेट्रोलने पुसू नका. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, पांढरं कापड पांढरंच निघेपर्यंत, आणि वाळताच तेल लावा.

हेडचं काम स्वस्तात होतं. प्लग लावून पोर्टांत थोडं पेट्रोल ओता. वाल्व्हच्या कडेने ओल आली तर हलकं लॅपिंग करा (पेस्ट लावून वाल्व्ह त्याच्या सीटवर घासा). टायटॅनियमचे वाल्व्ह कधीही लॅप करू नका, वरचा कठीण थर निघून जातो. स्टेम सील (वाल्व्हच्या दांडीवरून ऑइल उतरू न देणारे) नवेच घाला. एवढ्या स्वस्त वस्तूवर काटकसर केली तर धूर कायम राहतो. हेडचा तळ सरळपट्टीने तिरका तपासा. मॅन्युअलमधली मर्यादा बहुधा ०.०५ मिमीच्या आसपास असते. थोडाच बाक असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा.

गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) निळी पडली नसेल आणि नखाला चर लागत नसेल, तर जुनी चालते. सर्कलिप (ती पिन अडवणाऱ्या कड्या) मात्र नेहमी नव्या, तोंड वर किंवा खाली. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर. बेस पॅकिंग घरी कापायचं तर कागद मूळ जाडीचाच हवा. जाड झालं की कॉम्प्रेशन घटतं आणि कॅम टायमिंगही सरकतं. हेडचे बोल्ट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. मग टॅपेट (वाल्व्हची फट) सेट करा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडला तर जोर लावू नका, टायमिंगच्या खुणा पुन्हा पाहा.

साध्या मिनरल ऑइलवर सुरू करा, गरम होऊ द्या, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. नंतर थ्रॉटल कमी-जास्त करत चालवा. एकाच वेगावर रेंगाळलं तर रिंगा बोअरला नीट बसत नाहीत. पहिल्या तासानंतर ऑइल बदला आणि इंजिन थंड असताना टॅपेट पुन्हा तपासा.