खिशात मोबाइल, हातात होकायंत्र : रविवार पाचवा

या वेळची नोंद लांबली आहे, कारण चार रविवार एकच चूक करत होतो हे आत्ता कळलं.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या धक्क्यावरून निघालो. होडी कोळीवाड्यातल्या काकांची, छोटं शीड आम्ही बसवून घेतलेलं. सराव नेहमीचाच: खाडीत मध्यावर जायचं, ट्रॉम्बेची टेकडी, घारापुरीचा डोंगर आणि पारसिक टेकडी यांची बेअरिंग (उत्तरेपासून किती अंशांवर दिसतात ते) हातातल्या होकायंत्रानं घ्यायची आणि चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, तीन रेषा मारायच्या. त्या एका बिंदूत, म्हणजे होडीच्या जागी, मिळाव्यात, निदान छोटासा त्रिकोण व्हावा. माझ्या त्रिकोणात अख्खं नेरूळ मावलं असतं, आणि मोबाइलच्या ॲपमधला जीपीएसचा ठिपका त्याच्याही बाहेर! इतके दिवस मी दोष होडीच्या हलण्याला देत होतो.

काकांनी एकदाच बघितलं. "खिशातला मोबाइल काढ ना पयला."

शर्टाचा वरचा खिसा. होकायंत्र डोळ्यांपाशी धरलं की मोबाइल वीतभर अंतरावर, आणि त्याच्या स्पीकरात चुंबक. काढून ठेवला तर सुई चांगली दहा अंश सरकली. हिशेब सोपा आहे: १ अंश चुकला की ६० सागरी मैलांवर १ मैलाची चूक. १० अंशांची चूक आणि खूण ३ मैलांवर, म्हणजे अर्धा मैल, ९२६ मीटर. (विजेच्या ट्राम येऊन मोजमाप बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला न्यावी लागली, हे मी चारचौघांत ऐटीत सांगत असतो. स्वतःच्या खिशाकडे मात्र लक्ष नाही.) आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाइतकाही फरक नाही, त्यामुळे तेही निमित्त सांगता येईना.

मोबाइल डब्याच्या पिशवीत मागे गेला. पुढचा त्रिकोण चार्टवर करंगळीच्या नखाएवढा.

म्हणून ॲप वाईट, असं मी म्हणणार नाही. परतताना मजा त्यानंच दाखवली. होडीचं नाक होकायंत्राप्रमाणे एकीकडे, जीपीएसचा बाण जवळपास १४ अंश दुसरीकडे. नाक कुठे आहे ते जीपीएसला दिसत नाही, होडी सरकते कुठे तेवढंच दिसतं. मधला फरक ओहोटीचा. आमचा वेग ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल), म्हणजे आडवा प्रवाह साधारण १ नॉट. एकट्या होकायंत्रावर हे कळलं नसतं, एकट्या ॲपवरही नाही.

भरतीची वेळ मात्र आता तोंडीच काढतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. भरतीच्या तक्त्याशी वीसेक मिनिटं इकडेतिकडे. पाणी किती चढेल ते तक्त्यातच बघावं लागतं, कारण चार्टवरची खोली नीचतम ओहोटीच्या आसपासची असते आणि दिवाळ्याचा चिखल कुणाची गय करत नाही.

पुढच्या रविवारी मोबाइल काकांकडे. पिशवीतही नको.